धारनाकाची काठी

केरू खरातानं उभ्या आयुष्यात एकच दगड उचलून नदीत टाकला, आणि त्याचाच जाच त्याला जन्मभर पुरला. गावातल्या बाकीच्यांनी नाही नाही ते केलं आणि सुखानं डोळे मिटले. ज्याचं त्याचं नशीब, असं म्हणून सोडून द्यावं, तर ते सोडवत नाही.

पानमळे हे गाव कोरेगावच्या पुढं, वसना नदीच्या काठाला. तिथं महारवाड्याच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली तो दगड उभा असायचा. कंबरेएवढा उंच, आणि शेंदराची पुटं चढून चढून पार गोळा झालेला. गाव त्याला म्हसोबा म्हणायचं. खरातांच्या घरात मात्र त्याला धारनाक म्हणत. केरूच्या आज्याच्या आज्याच्याही मागं कधीतरी हा धारनाक गावचा वेसकर, म्हणजे वेशीचा राखणदार होता. लुटारू गावाची गुरं हाकून न्यायला आले, तेव्हा गावानं वेशीचा दरवाजा आतून लावून घेतला. धारनाक बाहेरच राहिला. हातातल्या घुंगुरकाठीनिशी एकटाच नदीच्या उताराला उभा राहिला आणि तिथंच पडला. पण गुरं माघारी आली. मग गावानं दरवाजा उघडला आणि त्याचा दगड मांडला.

ही हकिगत कुठल्या पुस्तकात नव्हती. ती खरातांच्या बोटांत होती. चैत्री अमावस्येला घरचा बाप आपल्या पोराला दगडापाशी न्यायचा. शेंदराच्या थराखाली एका ओळीत बारीक बारीक गाठी हाताला लागत. काठीची घुंगरं ती. बाप पोराचं बोट धरून खालच्या घुंगरावर ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "केरू नाथाजीचा." बोट वर सरकलं की, "नाथाजी हरिबाचा." मग हरिबा सटवाचा, असं करत एका घुंगराला एक नाव, आणि बोट काठीच्या टोकाला पोचलं की धारनाक. लहानपणी केरूला वाटायचं, सगळ्यांनाच आपली माणसं अशी दगडातून चाचपून बघावी लागत असतील.

पुढं छप्पन साल आलं. नागपूरची बातमी आली, आणि पाठोपाठ दोनच महिन्यांत बाबासाहेब गेल्याची बातमी आली. पानमळ्याच्या महारवाड्यानं सत्तावन्नच्या उन्हाळ्यात दीक्षा घेतली. त्या दिवसापासून मेलेली ढोरं ओढणं बंद, हलगी बंद, दारोदार भाकरी मागणं बंद, आणि वाकून जोहार घालणंही बंद; सगळी गावकीच बंद. हे सगळं शंभर वेळा बरोबर होतं. ज्यांना ते खटकलं, त्यांच्या पाठी कधी वाकल्याच नव्हत्या, त्यामुळं त्यांना ते खटकणारच.

दीक्षेनंतर घरोघरचे देव गोळा झाले. मरीआईचे तांदळे, खंडोबाचे टाक, कवड्यांच्या माळा, सगळं पोत्यात भरून नदीच्या डोहात सोडायचं ठरलं. केरू सगळ्यांच्या पुढं. तेव्हा तो पस्तिशीचा होता, अंगात बळ होतं आणि डोक्यात नवं वारं. पोती बुडवून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "ह्यो म्हसोबा ऱ्हायला की!"

केरूचा बाप नाथाजी तेव्हा थकला होता. काठी टेकत टेकत लिंबापर्यंत आला आणि म्हणाला, "केरू, त्यो देव न्हाई रं. आपला मानूस हाय त्यो."

"शेंदूर फासला की समदेच देव, आबा," केरू म्हणाला. "आता कुनालाबी ठेवायचं न्हाई."

चौघांनी दगड उपटला, वाश्याला बांधला आणि डोहात लोटला. नाथाजी काठी टेकत माघारी फिरला. पावसाळा संपायच्या आत तो गेला.

इथं केरूचं चुकलं, आणि ते त्यानं पुढं कधी नाकारलं नाही. पण चूक कशी झाली तेही पाहायला हवं. शेंदूर गावानं फासला होता. माणसाचा देव केला की त्याच्या लेकराबाळांना वेशीच्या आत घ्यावं लागत नाही, नुसतं तेल वाहिलं की भागतं. केरूनं तो शेंदूरच खरा धरला, एवढीच त्याची चूक.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं गेली. केरू कधी पाटबंधाऱ्याच्या कामावर, कधी सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलायला जायचा. चैत्री अमावस्या यायची आणि जायची. घरात अंजना नावाची लेक होती. ती शाळेत जायची, अशोकाचे शिलालेख पाठ करायची, सातवाहन कोण ते सांगायची. तिच्या तोंडून इतिहास ऐकताना केरूला बरं वाटायचं. आपल्याही घरात काहीतरी होतं, हे त्याच्या मनात यायचं. पण ते सांगायला गेलं की तिसऱ्या-चौथ्या नावापाशी जीभ अडायची. हाताखाली दगड नसल्यावर दुसरं काय होणार?

सहासष्ट सालचा उन्हाळा वाईट होता. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. वसनेची नुसती वाळू राहिली, आणि ज्या डोहाचा ठाव कुणाला लागत नसे तोही आटला. बायका वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत. केरूची बायको बायडाबाई म्हसवडकडची, दुष्काळातच वाढलेली. झिरा कुठं खणायचा हे तिला वाळू बघून कळायचं. तिनं डोहाच्या पोटात खणायला घेतलं आणि हाताला दगड लागला.

"आवं, हे बघा तरी," तिनं केरूला हाक मारली. "चितर हाय हेच्यावर."

केरूनं हातानं वाळू बाजूला केली. नदीनं शेंदराचा कण न् कण धुऊन नेला होता. खालच्या बाजूला शिंगं उगारलेली गाई-गुरं. त्यांच्यापुढं पाय रोवून उभा असलेला माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात उंच काठी, आणि काठीला खालपासून वरपर्यंत घुंगरं. वर त्याच माणसाला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या बायका, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. केरूच्या बापानं, आज्यानं, कुणीच हे तोंड पाहिलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या त्यांनी त्याला नुसतं चाचपलं होतं.

त्यानं खालच्या घुंगरावर बोट ठेवलं. "केरू नाथाजीचा," तो म्हणाला. बोट सरकत गेलं आणि नावं आपसूक येत गेली. कुठंही अडखळला नाही. धारनाकापर्यंत पोचल्यावर तो वाळूत बसून लहान पोरागत रडला. बायडाबाईही रडली, तिला नक्की कशासाठी ते कळलं नाही तरी.

डोळे पुसून ती म्हणाली, "मला सांगा की ती नावं. अंजीला पाठ करून घेऊ."

"दगूड गावलाय की आता," केरू हसून म्हणाला. "कुठं जातोय त्यो? सावकाश सांगतो."

आता त्या वर्षी गावात एक घाट घातलेला होता. हंबीरराव पाटील सरपंच झाले होते, आणि चौकात स्वातंत्र्याचा स्तंभ उभारायचा त्यांचा मनसुबा होता. पंधरा ऑगस्टला साताऱ्याहून पाहुणे येणार, शाळेची मुलं 'प्राचीन काळापासून स्वातंत्र्यापर्यंत' असा देखावा करणार, आणि गावाचा इतिहास वाचून दाखवला जाणार. तो इतिहास लिहायचं काम नानासो गुरुजींकडं होतं. गुरुजी सांगलीकडचे, सज्जन माणूस. सज्जनपणाचा काही उपयोग व्हायला जेवढी हिंमत लागते, तेवढी मात्र त्यांच्यात नव्हती.

बेचाळीसची चिंता गुरुजींना नव्हती. हंबीररावांचे चुलते बेचाळीसला भूमिगत होते. पोलीस गाव धुंडाळत होते तेव्हा हे चुलते केरूच्याच झोपडीत, कडब्यामागं लपून होते आणि नाथाजीच्या वाट्याची भाकरी खात होते. स्वातंत्र्य आल्यावर भाषणांत ती झोपडी 'एका शेतकऱ्याचं घर' झाली. खरातांना त्या वेळी शेत नव्हतं, पण भाषणात मिळालं. शिवकाळासाठी पाटलांच्या घरात एक गंजलेला भाला होता. प्राचीन काळासाठी मात्र गावात काहीच नव्हतं, आणि गुरुजी डोकं खाजवत बसले होते.

अशा वेळी केरू आपल्या पायानं त्यांच्याकडं गेला. "गुरुजी, माझा मानूस गावलाय," असं म्हणून त्यांना नदीवर घेऊन आला.

गुरुजी गुडघे टेकून बसले आणि थक्क झाले. "अरे, हा वीरगळ आहे, लढून पडलेल्या वीराचा दगड! सातशे वर्षांचा तरी असेल. यादवांच्या वेळचा."

"धारनाक त्येचं नाव. आमच्या घरचा. एका घुंगराला एक नाव हाय." केरूनं नावं म्हणून दाखवायला बोट ठेवलं, तर गुरुजींनी त्याला थांबवलं.

"नावं नंतर लिहून घेतो. आधी हा इथून हलवायला हवा." मग काठीची घुंगरं मोजून, थोडं घुटमळत ते म्हणाले, "पण केरू, तुझी नावं मोजली तर फार तर तीनशे वर्षं भरतील. मेळ बसत नाही."

"मधली काही गळाली आसतील, गुरुजी. आमाला कोन लिवून ठेवतंय?"

गुरुजींना ते पटलं. निदान तसा चेहरा त्यांनी केला.

महारवाड्यात विहाराचं काम आकाराम बघायचा. मॅट्रिक झालेला, तडफदार आणि प्रामाणिक. त्यानं केरूला सगळ्यांपुढं विचारलं, "तात्या, बुडवलेला देव तुमी परत वर काढला?"

"देव न्हवं बाबा, मानूस हाय. सांगतोय त्ये ऐक तरी."

"तुमाला ठावं हाय मानूस हाय म्हनून. गावाला ठावं हाय का? आज आपला म्हनायचा, उद्या गाव म्हनंल, तुमचाच हाय तर घ्या हलगी आन् वाजवा त्येच्या म्होरं. दहा वर्सं भांडून गावकी सोडली आपन. एका दगडापायी पुन्ना गळ्यात बांधून घ्यायची?"

आकाराम खोटं बोलत नव्हता, हे केरूलाही कळत होतं. लोक उठून गेले. बायडाबाई तेवढी बसून राहिली.

जूनमध्ये पाणी यायच्या आत हंबीररावांची बैलगाडी नदीत उतरली आणि दगड चौकात गेला. केरूनं चाकाला खांदा दिला. गावात जातोय, चौकात बसतोय, याचा त्याला आनंदच होता. वेशीबाहेर मेलेला माणूस एवढ्या काळानं वेशीच्या आत निघाला होता. त्यानं हंबीररावांना तेवढंच विचारलं, "पाटील, नाव घालनार न्हवं त्येचं?"

हंबीरराव गोड बोलणारे गृहस्थ. "घालायचं की रं. गावचा वीर म्हणजे सगळ्यांचाच वीर. तुझं माझं कशाला करतोस?"

हे 'तुझं माझं कशाला' गावाला पाणवठ्यावर कधी आठवलं नव्हतं, ते दगडापाशी आठवलं. केरूच्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं. पण माणसाला आपलं कुणी सापडलं की तो जरा खुळावतो. चौकात दगडाभोवती बांबूचा तट्टा लावला होता, काम चालू आहे म्हणून. दोनदा तो गुरुजींकडं नावं सांगायला गेला. दोन्ही वेळा गुरुजी देखाव्याच्या तालमीत होते. "येतो रे, येतो. तूच ये पुढच्या आठवड्यात."

स्तंभाचं काम यल्लाप्पा वडाराकडं होतं. जतच्या खालून कामासाठी आलेला, बोलण्यात अर्धं कानडी. चौदा ऑगस्टच्या दुपारी केरू चौकातून जाताना यल्लाप्पा चहाच्या टपरीवर बसला होता. हातांवर दगडाची पांढरी भुकटी.

"झालं का रं काम?" केरूनं विचारलं.

"झालं की. नाजूक काम व्हतं." यल्लाप्पानं बशीत चहा ओतला. "त्या दगडातल्या मानसाच्या हातात काठी व्हती. सरपंच म्हनले, काठी घेऊन काय वीर दिसतोय? मास्तरबी हुबा व्हता. मग तलवार केली. खांद्यावरली घोंगडी काढली, ढाल केली. काठीला बारकी बारकी घुंगरं व्हती, तीबी तासली. ग्वाड झालंय बघ."

केरूनं तट्ट्याकडं पाहिलं. "मास्तर काय म्हनला?"

"काय म्हनंल? भुईकडं बघत व्हता." यल्लाप्पानं केरूच्या तोंडाकडं पाहिलं आणि बशी खाली ठेवली. "आरं, तुझा कोन लागत व्हता का त्यो? मला सांगायचं न्हाई व्हय गड्या? मी पोटासाठी दगूड फोडनारा."

त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. केरू घरी आला. जेवला नाही. "उद्या बोलायचं," एवढंच बायडाबाईला म्हणाला.

पंधरा ऑगस्टला चौकात मांडव होता, पताका होत्या. शाळेच्या मुलांचा देखावा झाला. अशोक झाला, सातवाहन झाले, मावळे झाले, शेवटी टोप्या घालून 'चले जाव' झालं. अंजना भिक्खुणी होऊन एका कडेला उभी होती. मग पाहुण्यांनी दगडावरचा पडदा ओढला आणि गुरुजींनी कागद वाचला. सातशे वर्षांपूर्वी या गावाच्या गोधनासाठी तलवार उपसून लढलेला हा वीर पाटील घराण्याचा मूळ पुरुष असल्याचं परंपरेनं सांगितलं जातं, असं त्यात होतं. केरूची नावं तीनशे वर्षांत आटोपली, म्हणून मेळ बसत नव्हता. पाटलांच्या घरात पणज्याच्या मागचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण त्यांचा मेळ बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केरू मांडवाच्या टोकाला उभा होता. तो सरळ माणसांतून चालत पुढं गेला. कुणाला वाटलं, हार घालायला निघालाय, म्हणून वाट दिली.

"पाटील," तो म्हणाला, आणि आवाज एवढा मोठा निघाला की वाजंत्री थांबली. "ह्यो धारनाक हाय. माझा पूर्वज. गावचा वेसकर. त्येच्या हातात काठी व्हती. मी खोटं बोलत आसंन तर माझं तोंड फोडा. त्येच्यापतुर माझ्या घरची समदी नावं मी म्हनून दावतो. तुमी तुमची म्हना."

पाहुणे हंबीररावांकडं बघायला लागले. हंबीररावांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला, कारण त्यांना पणज्याच्या मागचं एकही नाव म्हणता येणार नव्हतं. मांडवाच्या कडेला उभा असलेला आकारामही दोन पावलं पुढं आला. एवढ्या माणसांपुढं केरूला हवं होतं ते हाताशी आलं होतं. नावं म्हणायची, बस्स.

त्यानं दगडावर बोट ठेवलं. "केरू नाथाजीचा."

बोट वर सरकलं. "नाथाजी हरिबाचा."

"हरिबा सटवाचा. सटवा..."

बोट पुढचं घुंगरू शोधत वर गेलं. तिथं तलवारीचं पातं होतं, नव्यानं घासून गुळगुळीत केलेलं. बोट घसरलं. त्यानं परत खाली नेलं. "हरिबा सटवाचा, सटवा... सटवा..." दोन्ही हातांनी तो दगड चाचपायला लागला, आंधळ्यानं चाचपावं तसा. उन्हाळ्यात वाळूत बसून ही सगळी नावं त्यानं एका दमात म्हटली होती. आता हाताला धरायला काही नव्हतं, आणि तोंडाला काही येत नव्हतं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. गुरुजी कागदाची घडी घालत होते. सटवाच्या पुढं काय, हे त्यांनी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. ऐकलं असतं तरी ते बोलले असते, याची खात्री कुणी द्यावी?

हंबीररावांच्या तोंडावर रंग परत आला. त्यांनी केरूच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत शिवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. "राहू दे रं केरू. दमलास. बस खाली. ए, ह्याला पेढा द्या कुणीतरी."

अंजना पिवळ्या लुगड्यात तशीच पुढं आली आणि बापाचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली.

पुढं केरू बरीच वर्षं जगला. हळदीची पोती उचलली, लेकीचं लग्न केलं, कुणाशी भांडला नाही. चौकातून मात्र तो परत गेला नाही, लांबचा फेरा घेऊन जायचा. सरपंचांनी पुढच्याच वर्षी त्या दगडाला शेंदूर लावला, आणि पोळ्याला गावचे बैल आधी त्याच्या पाया पडायला लागले.

बायडाबाई सांगायची, काम करता करता त्याचं तोंड हलत असायचं. बोट मांडीवर वर वर सरकायचं. केरू नाथाजीचा, नाथाजी हरिबाचा, हरिबा सटवाचा. तिथं बोट थांबायचं. मग तो बोट परत गुडघ्यावर आणून पहिल्यापासून सुरू करायचा.